रडता रडता ओकतो, मग मागेल ते देऊन टाकायचं का?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच एकाच विषयाभोवती फिरणारी होती, म्हणून ती एकत्रच घेतेय. नावं कुणाचीच देत नाही.

डॉक्टर ताई, आम्ही मालवण तालुक्यात राहतो. मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. नवरा मुंबईला, इथे मी, सासूबाई आणि सासरे. पोराला कशालाही नाही म्हटलं की लोळण घेतो, किंचाळतो आणि मग भडाभडा उलटी. आधी कधीतरी व्हायचं, आता रडायला लागला की थोड्याच वेळात ओकतो. जास्त करून मोबाइल काढून घेतला की. भरवलेला सगळा मासे-भात पडवीभर. सासूबाई म्हणतात "रडवतंस कित्याक त्याका, दी तो मोबाइल" आणि देतात, की हा लगेच गप्प. नवराही फोनवर तेच सांगतो. डॉक्टरांनी तपासलं, वजन चांगलं आहे, काही नाही म्हणाले. दृष्टही काढून झाली. मला कधी वाटतं हा मुद्दाम करतो आणि ओकताना त्याचं तोंड बघितलं की जीव घाबरा होतो. कडक वागू की देऊन टाकू?

मुद्दाम करतो का, हे आधी बघू, कारण तुमचं पुढचं सगळं वागणं त्यावरच ठरणार आहे. पहिली उलटी कुठलंच पोर ठरवून करत नाही. जोरात रडताना मूल हवा गिळतं, पोट फुगतं, नाकातला शेंबूड घशात उतरतो, त्याने खोकला येतो, खोकताना पोटाचे स्नायू आवळले जातात आणि जठराच्या तोंडाशी जी झडप असते ती या वयात अजून तितकी घट्ट नसते, त्यात काही मुलांचा घसा इतका नाजूक असतो की जरा काही लागलं की उबळ येते. एवढं सगळं एकत्र आलं की पोटातलं वर येणारच. तुमच्या मुलाचं तसंच झालं असणार.

पण दहाव्या उलटीपर्यंत गोष्ट जरा बदललेली असते. ओकलो की आजी धावते, आई घाबरते आणि मोबाइल हातात येतो, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. म्हणजे तो बसून डाव रचतो असं नाही हां, दोन वर्षांच्या मुलाला तेवढं जमत नाही. कुकरची शिट्टी झाली की जेवण येणार हे जसं त्याला कुणी न शिकवता कळतं तसंच हे कळलंय, बास. त्यामुळे लबाड, नाटकी असली विशेषणं लावू नका, आणि बिचारा म्हणून मोबाइलही देऊ नका. तुम्ही विचारलंय कडक वागू की देऊन टाकू, तर माझं उत्तर आहे की पोराला जवळ घ्या, मोबाइल देऊ नका. जवळ घेणं म्हणजे लाडावणं असं आपल्याकडे उगाच मानतात. रागाने बेभान झालेल्या मुलाला मांडीवर घेतलं म्हणून कुणी बिघडत नाही. बिघडतं ते ओकल्यावर वस्तू मिळते त्याने.

आता तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली आणि ती तुम्ही जाता जाता लिहिलीय. मोबाइल काढून घेतला की ओकतो आणि भरवलेलं सगळं बाहेर येतं. म्हणजे मोबाइल दाखवून भरवता ना? बहुतेक घरांत हेच चालतं. कार्टून लावायचं, तोंड उघडं राहिलं की घास सारायचा, पोट भरलं की नाही हे त्यालाही कळत नाही आणि आपल्यालाही, वाटी संपली की मोबाइल काढून घ्यायचा. म्हणजे पोट तट्ट भरलेलं असतं नेमक्या त्याच क्षणी आपण त्याच्या हातातली सगळ्यात आवडती वस्तू हिसकावतो. यात उलटी झाली नाही तरच नवल. तेव्हा पहिलं काम हे करा, की जेवण आणि मोबाइल यांची फारकत. त्याला पाटावर तुमच्याबरोबर बसवा, ताटलीत थोडं वाढा, स्वतःच्या हाताने चिवडू दे. कमी खाईल, सांडेल, खाऊ दे. दोन-चार दिवस कमी जेवल्याने सव्वादोन वर्षांचं धडधाकट पोर अशक्त होत नाही आणि नुसत्या या एका बदलाने अर्ध्या उलट्या थांबलेल्या मी बघितल्यात.

मोबाइल किती, असंही बऱ्याच जणी विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या आतल्या मुलाला स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तेवढं बरं. पण तुमच्याकडे यात आणखी एक गुंता आहे. नवरा मुंबईला आहे, म्हणजे त्या पोराच्या लेखी बाबा राहतो कुठे तर मोबाइलमध्ये! कार्टून पण तिथेच, बाबा पण तिथेच. कोकणात निम्म्या घरांत हीच कथा आहे. तर व्हिडिओ कॉलची वेळ वेगळी ठेवा, शक्यतो जेवणाच्या आधी, रोज साधारण त्याच वेळी, बाबाने टाटा केलं की फोन कपाटात. हट्ट चालू असताना बाबाला फोन लावून "बघ कसा करतोय" असं दाखवायचं नाही, त्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचा तर नाहीच नाही. आणि बाबांनाही सांगा, लांबून "देऊन टाक" म्हणणं सोपं असतं, लादी पुसायला ते नसतात.

प्रत्यक्ष रडं सुरू झालं की काय करायचं ते सांगते. त्याच्या शेजारी खाली बसा. आजूबाजूला विळी, पाट, पायरीची कड असं काही लागेल ते बाजूला करा, डोकं आपटत असेल तर खाली उशी नाहीतर गोधडी सरकवा. बोलायचं कमी, "राग आलाय तुला, मी इथेच आहे" एवढं पुरे, कारण त्या वेळी समजावून सांगितलेलं काहीही आत जात नाही. मोबाइल का नाही यावर भाषण तर नकोच. खोकायला लागला, तोंडात लाळ जमली, उबळ आल्यासारखं केलं की त्याला बसता करून पुढे वाकवा किंवा कुशीवर वळवा. उताणा धरून ठेवू नका, श्वासनलिकेत जायची भीती असते. रडत असताना तोंडात पाणी, साखर, बिस्किट काहीही कोंबू नका त्याच कारणासाठी, आणि गप्प करायला तोंडावर हात तर कधीच दाबू नका. एक जुना पंचा आणि प्लास्टिकचं टोपलं हाताशी असू दे म्हणजे धावपळ होत नाही, धावपळ बघूनच त्याचं रडं दुप्पट होतं.

ओकला की चेहरा पुसा, चूळ भरता येत असेल तर भरायला लावा, कपडे बदला, जागा पुसा. अगदी रोजचं काम असल्यासारखं, ना ओरडा ना "अरे माझ्या सोन्या". दात लगेच घासू नका, उलटीतल्या आम्लाने दातांवरचा थर मऊ झालेला असतो, नुसती चूळ बास. मग चमच्याने थोडं पाणी. गेलेलं जेवण लगेच परत भरायला जाऊ नका, अर्धा-पाऊण तास जाऊ दे, भूक लागली तर थोडी पेज किंवा आटवल द्या आणि नाही लागली तर पुढच्या जेवणाला बघू. मग त्याला घेऊन परसात जा, कोंबड्या दाखवा, काहीतरी करा, पण ज्या गोष्टीसाठी रडला ती त्या वेळी मिळणार नाही म्हणजे नाही.

एक सांगून ठेवते, सुरुवातीचे काही दिवस हे वाढणार आहे. आतापर्यंत जे चालत होतं ते चालेनासं झालं की मूल आधी आणखी जोर लावून बघतं, जास्त रडेल, जास्त ओकेल आणि घरचे म्हणतील बघ तुझ्या कडकपणाने काय झालं. इथेच बहुतेक जण हार मानतात. आणि चार दिवस नाही म्हणून पाचव्या दिवशी दिलंत तर तो एवढंच शिकतो की जास्त वेळ रडायला लागतं. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी दिलेलं परवडलं. म्हणूनच माझं म्हणणं असतं की "नाही" मोजकं वापरा. विहिरीचा कठडा, कोयती, रस्ता, चुलीजवळ जाणं, समुद्रावर हात सोडून पळणं, मोबाइल, ही नाही म्हणजे नाही. पण भांडी वाजवायची आहेत, लाल चड्डीच घालायची आहे, चिखलात बसायचंय, तर बसू दे की! जे शेवटी देणारच असाल ते पहिल्या मागणीलाच देऊन टाका, रडवून नको.

हट्टाची वेळही बघून ठेवा. भूक, झोप आणि उकाडा या तिघांपैकी एक जण जवळजवळ प्रत्येक वेळी हजर असतो. या वयात दुपारची धरून ११ ते १४ तास झोप लागते आणि गणपतीत किंवा मे महिन्यात चाकरमानी आले की घर भरलेलं, रात्री उशिरापर्यंत भजनं, जो तो हातात वेफर देणार, झोपेचे बारा वाजलेले, त्या दिवसांत हट्ट वाढला तर पोराला दोष नाही. आणखी एक, तो बोलतो किती? दोन वर्षांच्या आसपास साधारण पन्नासेक शब्द आणि "पाणी दे", "बाबा आला" अशी दोन शब्दांची जोडणी यायला हवी. बोलता न येणाऱ्या मुलांचा राग जास्त असतो, साहजिक आहे. तेवढं बोलत नसेल तर कान तपासून घ्या.

सासूबाईंशी भांडू नका. त्या पोराच्या मायेपोटीच करतात. तो ओकत नसताना, शांतपणे बसून एवढंच ठरवा की रडताना मोबाइल कुणीच द्यायचा नाही आणि ओकल्यावर त्याला जवळ घ्यायचं, पाणी पाजायचं, हे काम आजीचं. करायला काहीतरी असलं की माणूस मोबाइल शोधत नाही. दृष्ट काढायची असेल तर काढू दे, फक्त सुक्या मिरच्या जाळल्या तर त्या पोरापासून लांब, नाहीतर त्या ठसक्यानेच पुन्हा उलटी होईल. अंगारा कपाळाला ठीक, तोंडात नको.

नात दीड वर्षाची. रडायला लागली की एकदम श्वासच घेत नाही, ओठ निळे पडतात, अंग लुळं पडतं, मग भानावर येऊन कधी कधी उलटी करते. शेजारी म्हणतात फिट आहे, कांदा हुंगवा. काळजी वाटते. — एक आजोबा, गुहागर तालुका

आजोबा, तुम्ही लिहिलंय त्यावरून ही श्वास रोखण्याची सवय वाटते, म्हणजे ते आपोआप होतं, ती मुद्दाम रोखत नाही. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंत काही मुलांना होतं. दिसायला भयंकर, पण बहुतेक वेळा मिनिटाच्या आत मूल आपणहून श्वास घेतं आणि मेंदूला इजा होत नाही. फिटमध्ये आणि यात फरक असा की इथे आधी नेहमी काहीतरी घडलेलं असतं, पडली, रागावली, घाबरली, आणि रडताना हे होतं. तरी पहिल्यांदा झालं की डॉक्टरांना दाखवायलाच हवं, तुम्ही अजून दाखवलं नसेल तर या आठवड्यात जा. आणि रक्तातलं हिमोग्लोबिन तपासायला सांगा. लोह कमी असलेल्या मुलांत हे जास्त दिसतं आणि लोहाचं औषध पुरेसं दिलं की हे झटके कमी होतात. दूध किती पिते? दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर जात असेल तर तिथेच घोळ असू शकतो, दुधाने पोट भरतं आणि दुधात लोह नसल्यासारखंच. आशाताई लहान मुलांसाठी लोहाची बाटली देतात, आठवड्यातून दोनदा १ मिली, ती पुष्कळ घरांत फडताळात तशीच पडून असते. ती द्या, पण रक्त खरंच कमी निघालं तर डोस वेगळा लागतो, तो डॉक्टर वजनावर ठरवतील. शी काळी होईल, घाबरू नका.

निळी पडली की जमिनीवर कुशीवर झोपवा आणि थांबा. कांदा नको, चप्पल नको, दातात चमचा नको, तोंडावर पाण्याचे हबके नको, हलवणं तर मुळीच नको. मिनिटभरात भानावर आली नाही तर १०८. न रडता, झोपेत किंवा खेळता खेळता असं झालं तर तोही तातडीचा मामला समजा, मग हृदयाची तपासणी लागते.

आमचा मुलगा पण रडून ओकतो म्हणून आता आम्ही लक्षच देत नाही. पण खरंच आजारी असेल तर कसं ओळखायचं? — एक बाबा, दापोली

हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत. "हा नेहमीचाच" असं म्हणून एखादं खरं दुखणं निसटतं. हट्टाच्या उलटीला आधी हट्ट असतो, ओकून झालं की थोड्या वेळात पोर खेळायला लागतं, आणि वजन वाढत राहतं. वजनासाठी मुंबई-पुण्याला जायला नको, अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून घ्या आणि त्या तक्त्यावरची रेघ वर जातेय ना ते ताईंना विचारा.

न रडता उलट्या, रोज सकाळी उठल्या उठल्या उलटी, हिरवी किंवा रक्ताची उलटी, पोट फुगलेलं आणि कडक, डोक्याला मार लागल्यावर उलट्या, सात-आठ तास लघवी नाही, मूल मलूल पडलंय, यातलं काहीही असेल तर वाट बघत बसू नका. थांबून थांबून कळवळून रडणं, पाय पोटाशी घेणं आणि शीमध्ये लालसर चिकट असं काही दिसलं तर आतड्यात आतडं अडकलेलं असू शकतं, त्याच दिवशी दवाखाना. खेळण्यातली बटणासारखी बॅटरी गायब असेल तर त्याच तासाला. बागेत फवारणी झालेली असेल आणि मूल लाळ गाळतंय, घामाघूम आहे, ओकतंय, तर औषधाचा डबा बरोबर घेऊन निघा.

आणि आपल्या भागातली एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. खेळणारं पोर अचानक किंचाळून रडायला लागलं, ओकलं, अंगाला दरदरून घाम आणि हातपाय मात्र गार, असं दिसलं तर हट्ट समजू नका, आधी विंचू आठवा. चिऱ्याचे गडगे, लाकडांचा ढीग, कौलं, बाहेर काढून ठेवलेल्या चपला, कुठेही असतो. लाल विंचवाच्या विषाचा जोर हृदयावर येतो आणि लहान मुलांना धोका जास्त. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवलं आणि त्याने मृत्यू खूप कमी झाले, त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. म्हणजे उपाय आहे आणि आपल्याच कोकणात सापडलेला आहे, फक्त वेळेत पोचायला हवं. मंत्र टाकणारा शोधत बसू नका, दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र नाहीतर ग्रामीण रुग्णालय.

मुलीला घाटात गाडी लागते म्हणून उलटीचं औषध घरात असतं. हट्ट करायच्या मूडमध्ये दिसली की आधीच देऊन ठेवलं तर चालेल का? — एक आई, चिपळूण

नाही चालणार. रडून येणारी उलटी दाबाने आणि उबळीने येते, ती या औषधाने थांबत नाही. गाडी लागण्याच्या काही औषधांनी गुंगी येते आणि त्यातली काही तर दोन वर्षांखालच्या मुलांना देतच नाहीत. आधीच्या प्रवासातली अर्धी उरलेली बाटली, मोठ्या भावाचा डोस, असलं काही करू नका. डॉक्टरांनी वजनावर लिहून दिलं असेल तेवढंच आणि प्रवासापुरतंच.

घाटासाठी मात्र थोडं करता येईल. कुंभार्ली चढायच्या आधी पोटभर दूध पाजू नका, निघायच्या तास-दीड तास आधी थोडं कोरडं काहीतरी द्या. गाडीत मोबाइल दाखवू नका, खाली बघितलं की जास्त मळमळतं, खिडकीची काच थोडी खाली ठेवून लांबचं बाहेर काहीतरी दाखवत राहा. तोंड पांढरं पडलं, जांभया यायला लागल्या, गप्प झाली की पुढचं वळण संपायची वाट न बघता जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि पाच मिनिटं खाली उतरवा.